क्लबच बंद पडला तर फॅनने करायचं काय?

बालेवाडी_पूर्व

मंडळी, प्रश्न विचित्र वाटेल पण सिरियसली विचारतोय. टिंगल करायचीच असेल तर आधी पूर्ण वाचा, मग करा.

मी पुण्याचा. फुटबॉलचं वेड लागलं ते पुणे एफसीमुळे. म्हणजे हृतिक रोशनवाला क्लब नव्हे, त्याच्या आधीचा, २००७ साली सुरू झालेला, आय-लीग (तेव्हाची देशातली सगळ्यात वरची लीग) खेळणारा. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, २०१२-१३ ला आपण लीगमध्ये दुसरे आलो होतो, पुढे फक्त चर्चिल ब्रदर्स. अराता इझुमी आपल्याकडे खेळायचा, वडील गुजराती, आई जपानी, पठ्ठ्याने भारताकडून खेळायला मिळावं म्हणून जपानी पासपोर्ट सोडला. बालेवाडीला मॅच असायची, मधे तो ॲथलेटिक्सचा ट्रॅक त्यामुळे ग्राउंड लांब, आणि स्टँड इतका रिकामा की कोच डेरिक परेरा सर टचलाइनवरून डिफेंडरवर ओरडले की वरच्या रांगेपर्यंत शब्द न शब्द ऐकू यायचा. आम्ही ठरावीक टाळकी, ढोल घेऊन. हरलो तरी हायवेला चहा पिऊन मगच घरी.

मग २०१४ ला आयएसएल (इंडियन सुपर लीग) आली आणि एफसी पुणे सिटी, तोच हृतिकवाला. त्रेझेगे आला, पुढच्या वर्षी मुटू आला, असे परदेशी स्टार, आणि स्टेडियम भरायला लागलं. त्या एका सीझनला तर पुण्यात आयएसएलचा एक आणि आय-लीगचे दोन क्लब होते, कारण भारत एफसी म्हणून अजून एक निघाला होता. तो एकच सीझन खेळला. त्याच सुमारास पुणे एफसीचं शटर पडलं. मग डीएसके शिवाजियन्स, दोन सीझन आय-लीग, तेही गेले. मी म्हटलं ठीक आहे, जो उरलाय त्याला धरू. २०१७-१८ ला मार्सेलिन्हो आणि अल्फारो असे खेळत होते की वाटलं आता होतंय काहीतरी, प्लेऑफला गेलो, घरच्या लेगला बेंगळुरूला ०-० रोखलं आणि तिकडे गेलो तर त्यांच्या छेत्रीने हॅटट्रिक मारली, ३-१, विषय संपला. आणि २०१९ ला क्लबच संपला, त्याच्या जागी हैदराबाद एफसी. पुढे २०२१-२२ ला हैदराबाद आयएसएल जिंकली, निखिल पुजारी त्या टीममध्ये होता जो आधी आपल्याकडे होता. मला कळेना की टीव्हीसमोर बसून मी खूश व्हायचंय की शिव्या द्यायच्यात. आता तर २०२५ ला हैदराबादवालेही उठून दिल्लीला गेले, नाव बदललं, म्हणजे त्यांचीही तीच गत.

तर प्रश्न असा, की क्लब वाईट खेळतोय, खालच्या लीगमध्ये गेलाय, तरी निष्ठा ठेवा वगैरे सगळे सांगतात आणि ते मला मान्य आहे, आम्ही ते केलंय. पण क्लबच नसेल तर? ऑफिसमधले सगळे युनायटेड, आर्सेनल, लिव्हरपूल. पोरगं विचारतं बाबा तुमची टीम कुठली आणि मी चार बंद पडलेली नावं सांगतो. मी कुणाला सपोर्ट करू?

---

ऑफसाइड_अण्णा

मुंबई सिटी आहे की. दोन वेळा आयएसएल जिंकलेत. एक्स्प्रेसवेने तीन तास. महाराष्ट्राचा क्लब म्हणून स्वीकार आणि मोकळा हो.

---

बालेवाडी_पूर्व

अण्णा, मी सल्ला मागितला होता, धर्मांतर नाही.

---

कूपरेज_१९८८

पुणेकर, तुमचं दुःख खरं आहे पण पहिलं आहे असं समजू नका. आम्ही मुंबईवाले या लायनीत तुमच्या पुढे उभे आहोत.

महिंद्रा युनायटेड. २००५-०६ ला नॅशनल लीग (आय-लीगच्या आधीची) जिंकली, कोलकाता आणि गोव्याच्या नाकावर टिच्चून. चार वर्षांनी, २०१० ला, कंपनीने टीम बंद केली. टीम तळाला होती म्हणून नाही, वरच्या मजल्यावर कुणीतरी ठरवलं की आता हे नको. मी कूपरेजला, मुंबईच्या फुटबॉल ग्राउंडला, शाळेच्या वयापासून जातोय, तेव्हा तिथे बँका, रेल्वे, एअर इंडिया असल्या ऑफिसच्या टीम असायच्या आणि समोरच्या टीमला शिव्या देणारे निम्मे लोक त्याच ऑफिसमधले क्लार्क. नोकरी म्हणून खेळायचे, पण जीव तोडून खेळायचे. कंपन्यांना स्पोर्ट्स कोट्याची गरज उरली नाही आणि एकेक टीम गेली.

मग मुंबई एफसी. याची गोष्ट तर अशी आहे की कुणाला सांगितली तर खोटी वाटते. खालिद जमील तिथे वर्षानुवर्षं कोच, पैसा नाही, स्टार नाहीत, दर सीझनला कसंबसं खाली जाण्यापासून वाचवायचा. लोक नावं ठेवायचे की काय हे बोअर फुटबॉल. २०१६ ला त्याला काढला. तो गेला मिझोरामला, आयझॉलकडे, आणि २०१६-१७ ला आयझॉलला आय-लीग चॅम्पियन केलं. त्याच सीझनला तळाला कोण? मुंबई एफसी. खाली गेले आणि मग गायबच झाले. आज खालिद भारताचा कोच आहे.

आता मुद्द्याचं बोलतो आणि राग मानू नका. एफसी पुणे सिटी हा क्लब नव्हताच, ती फ्रँचायझी होती. मालकाने शहराच्या नावाचं लायसन विकत घेतलं आणि परवडेना तेव्हा सोडून दिलं. तुम्ही निष्ठा ठेवलीत ती जर्सीच्या रंगाशी, आणि तो रंग सुद्धा मार्केटिंगवाल्यांनी निवडलेला. त्यात रडण्यासारखं काय आहे मला कळत नाही. पुणे एफसीसाठी रडा, तिथे निदान ॲकॅडमी होती, पोरं घडवली.

---

बालेवाडी_पूर्व

महिंद्रा काय होती मग, कंपनीचीच ना? त्याला क्लब म्हणायचं आणि आमच्याला लायसन?

---

कूपरेज_१९८८

महिंद्राची टीम १९६० च्या दशकापासून होती साहेब. फरक आहे.

---

पेठेतला_पोरगा

वाचतोय मघापासून, गप बसणार हुतो पण राहवंना.

भावा कोल्हापूरला ये. आमच्यात क्लब बंद पडायचा प्रश्नच येत न्हाई कारण क्लबला मालकच न्हाई. तालीम हाय. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, कुठलीबी घे, ती पेठेची असत्या. आज्जा तिथंच जोर मारायचा, बा तिथंच गणपतीची वर्गणी काढायचा आणि पोरगं तिथलीच जर्सी घालून शाहू स्टेडियमवर उतरतंय. केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीग सुरू झाली की पेठेत दुसरा विषय नसतोय, दुकानं लवकर बंद, आज मॅच हाय म्हटलं की गिऱ्हाईक बी काय बोलत न्हाई.

माझी तालीम कुठली ते सांगत न्हाई, वळखीचे लोक हायत इथं. पण एवढं सांगतो की आमी वरच्या गटातनं खाली गेलो हुतो. लई वाईट वर्ष. पैसे न्हाईत, चांगली दोन पोरं दुसऱ्या तालमीनं नेली आणि वर आमच्याच पेठेतनं बॅनरसमोरनं मिरवणूक काढली. आमी काय केलं, तर काय न्हाई. रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसायचो आणि एकमेकाला शिव्या द्यायचो. वर्गणी मात्र कुणी चुकवली न्हाई. ज्या काकूनं आयुष्यात मॅच बघितली न्हाई तिनं पोरांस्नी अंडी आणि दूध चालू केलं, सकाळी प्रॅक्टिसवरनं आली की थेट तिच्या दारात. पोरं वरडायची, काकू आज उकडून न्हाई, आमलेट करा.

आता ह्यात सगळं सोन्यासारखं हाय असं समजू नको. आमच्यात डोकी लई गरम, हुल्लडबाजीनं मॅच थांबल्यात, पोलिसांनी हाणल्यात, सोशल मीडियावर पेठापेठात शिवीगाळ हुत्या त्याची लाज वाटत्या. बाहेरनं परदेशी प्लेयर आणायचं फॅड आलं आणि तालमी कर्जात गेल्या. पण बंद? बंद करणार कोण? पेठ बंद करता येत्या व्हय?

आणि हैदराबाद जिंकली त्या टीममधी आमचा अनिकेत जाधव बी हुता बरं का. कोल्हापूरचं पोरगं, २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळलेलं. तू खूश हुयाला हरकत न्हाई, आमी तर हुतोच.

---

ऑफसाइड_अण्णा

आमलेटवाल्या काकूंना नमस्कार सांगा.

---

मडगांवकार

कोल्हापूरकरांचं पटलं पण गोव्याची बाजू ऐका, कारण आमच्याकडे क्लब खरे होते आणि तरी गेले.

साळगांवकर, स्पोर्टिंग क्लुब द गोवा, धेंपो. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली, सगळ्या आर्मांद कुलासोच्या हाताखाली. मोहन बागान सोडला तर भारतात एवढ्या लीग कुणाकडे आहेत सांगा. आणि २०१६ ला तिन्ही क्लबांनी आय-लीग सोडली. तळाला गेले म्हणून नव्हे, धेंपो तर आदल्या वर्षी खाली जाऊन सेकंड डिव्हिजन जिंकून नुकतेच वर आले होते. फेडरेशनने ठरवलं की यापुढे आयएसएल वरची लीग आणि आय-लीग खालची, म्हणजे शंभर गोल करून पहिला आलास तरी तुला वर यायची वाट नाही. मालकांनी म्हटलं मग आम्ही पैसा कशाला घालायचा. यात मालकांना व्हिलन मला करता येत नाही, माफ करा. (त्या वर्षी खाली गेलेल्या आयझॉलला परत घेतलं ते याच रिकाम्या जागेमुळे, आणि पुढे काय झालं ते कूपरेजवाल्यांनी वर सांगितलंच आहे. म्हणजे तुमच्या खालिदच्या कपामागे आमचं श्राद्ध आहे.)

पण क्लब बंद केले नाहीत, हे महत्त्वाचं. धेंपो गोवा प्रोफेशनल लीग खेळत राहिला, ॲकॅडमी चालू ठेवली. फातोर्ड्याला एफसी गोवासाठी हजारो लोक आणि तिकडे धेंपोच्या मॅचला आम्ही म्हातारे, एक भाजीपाववाला आणि प्लेयरांचे आईबाप. माझे मित्र सगळे एफसी गोवाला गेले. मी त्यांना दोष देत नाही, मी पण जातो, चांगलं फुटबॉल आहे. पण ते बघताना मी प्रेक्षक असतो. धेंपोच्या मॅचला रेफरीने काही चुकीचं केलं की माझं बीपी वाढतं, हा फरक.

नंतर समीर नाईक कोच, जो स्वतः धेंपोचाच जुना प्लेयर, आणि २०२३-२४ ला आय-लीग टू मधून वर आले. २०२५ ला सुपर कपमध्ये ईस्ट बंगालला २-२ आणि मोहन बागानला ०-० रोखलं, बांबोळीला आणि फातोर्ड्याला, एकही परदेशी न खेळवता. मी घरात इतका ओरडलो की बायको किचनमधून पळत आली, तिला वाटलं पडलो.

पुणेकर बाब, तुम्ही विचारता कुणाला सपोर्ट करू. मला वाटतं ते शोधून सापडत नाही. कुणाची हार तुम्हाला रात्री झोपू देत नाही ते बघा.

---

कूपरेज_१९८८

आमचं श्राद्ध, वा. हे मी वापरणार.

---

वांडल_काठी

लंडनहून. मी मूळचा नाशिकचा, इथे आलो तेव्हा टूटिंगला राहायचो, म्हणून एएफसी विम्बल्डनचा झालो, चेल्सीची तिकिटं परवडत नव्हती हे खरं कारण. पण तुमचा प्रश्न वाचून उडालोच कारण हा तर शब्दशः आमच्या क्लबचा प्रश्न आहे.

थोडक्यात सांगतो. जुना विम्बल्डन एफसी, १९८८ ला लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकलेला. मालकांना क्लब उचलून मिल्टन कीन्सला न्यायचा होता, म्हणजे लंडनच्या बाहेर ऐंशी-नव्वद किलोमीटर. मे २००२ मध्ये परवानगी मिळाली. तुमचं हैदराबाद झालं तसंच. तिथे फॅन लोकांनी हैदराबादकडे बघत बसायचं नाकारलं. काही आठवड्यांत स्वतःचा क्लब काढला, विम्बल्डन कॉमनच्या मैदानावर ओपन ट्रायल घेतली, कुणीही या आणि खेळून दाखवा, आणि इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवरून सुरुवात केली. तिथे समोरच्या टीममध्ये प्लंबर आणि पोस्टमन. २०११ ला पेनल्टीवर ल्यूटनला हरवून प्रोफेशनल लीगमध्ये आले, म्हणजे नऊ वर्षांत पाच बढत्या. २०१६ ला लीग वन, म्हणजे वरून तिसरी पायरी. मग २०२२ ला परत खाली. २०२५ ला वेम्बलीवर वॉल्सॉलला १-० हरवून परत वर.

तुम्हाला वाटेल वा काय परीकथा. मी नंतरचा फॅन आहे, मला परीकथा कमी आणि मीटिंगा जास्त दिसतात. क्लब डॉन्स ट्रस्टचा आहे, म्हणजे सभासद फॅन लोकांचा, आणि सोसायटीच्या एजीएमला जे होतं तेच सगळं तिथे होतं. नवीन स्टेडियम बांधताना पैसे कमी पडले तेव्हा बाहेरच्या श्रीमंताला हिस्सा द्यायचा का यावर लोक इतके भांडले की जुने मित्र एकमेकांशी बोलेनात. शेवटी बॉन्ड काढून फॅन लोकांकडून पन्नास लाख पाउंडांहून जास्त उभे केले आणि २०२० ला प्लाउ लेनला परत आले. आणि परत आल्यावर काय, तर कोविड, स्टँड रिकामा. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये वांडल नदीला पूर आला आणि पिचला भलंमोठं भगदाड पडलं, ग्राउंड्समन त्यात उभा राहिलेला फोटो सगळीकडे फिरत होता. न्यूकॅसलबरोबरची मॅच त्यांच्याकडे हलवावी लागली. परत वर्गणी.

सांगायचा मुद्दा हा की पुण्यात ठरावीक टाळकी ढोल घेऊन बसत होती म्हणालात, ती आज कुठे आहेत? क्लब नसला तरी ती असतील ना?

---

बालेवाडी_पूर्व

आहेत. ग्रुप आहे अजून, पण त्यावर आता गुड मॉर्निंग आणि प्लॉटच्या जाहिराती.

---

तिसरा_पंच

एक वेगळा मुद्दा, कुणी मारू नका. निष्ठा म्हणजे मालकाला पैसे देत राहणं असं का धरून चाललोय आपण? शेफील्ड वेन्सडेचं बघा, २०२५ मध्ये मालक प्लेयरांचे पगार वेळेवर देत नव्हता, तर फॅन लोकांनी स्टेडियमवर जायचंच बंद केलं, तिकीट नाही, जर्सी नाही, बर्गर नाही. ऑक्टोबरमध्ये क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये (म्हणजे दिवाळखोरीच्या कारभारात) गेला, बारा पॉइंट कापले, म्हणजे खाली जाणार हे जवळजवळ नक्की, आणि त्याच दिवशी क्लबच्या दुकानासमोर लाइन लागली कारण मालक गेला होता. बाहेर राहणं पण निष्ठाच होती. आपल्याकडे आयएसएल २०२५ च्या जुलैमध्ये होल्डवर टाकली, प्लेयर लोक पगाराविना बसले, तेव्हा किती फॅन क्लबांनी काही केलं? स्टेटमेंट काढली. मी पण फॉरवर्ड केली, बास.

---

ऑफसाइड_अण्णा

आपल्याकडे बर्गरवर बहिष्कार म्हणजे वडापावच्या गाडीवाल्याचं नुकसान फक्त.

---

खडकीचा_लेफ्टबॅक

सगळे कोल्हापूर, गोवा, लंडनला जाऊन आले, आता पुण्याला या जरा.

भाऊ, पुण्यात क्लब नाहीत असं कुणी सांगितलं? आयएसएलमध्ये नाहीत. पीडीएफएची (पुणे डिस्ट्रिक्ट फुटबॉल असोसिएशन) लीग दरवर्षी चालू आहे, एकाखाली एक डिव्हिजन, बढती पण आहे आणि खाली जाणं पण आहे. अशोका इलेव्हन, परशुरामियन्स, संगम यंग बॉईज, ही नावं पुणे एफसीच्या आधीपासून आहेत आणि बहुतेक आपण सगळे गेलो तरी राहतील. खडकी-रेंजहिल्सच्या पट्ट्यात लष्कराच्या काळापासून फुटबॉल आहे, आमच्याकडे एकेका घरात तीन पिढ्या लेफ्टबॅक सापडतील. (मी खेळलोय, खालच्या डिव्हिजनला, कुणाला आठवायचं कारण नाही.)

मॅच एसएसपीएमएसच्या (श्री शिवाजी मिलिटरी स्कूल) ग्राउंडवर असतात बऱ्याच. तिकीट नाही. खेळणारी पोरं दिवसा डिलिव्हरी करतात, कॉलेजला जातात, एक गोलकीपर तर रिक्षा चालवतो आणि हाफटाइमला फोन बघतो की भाडं आलंय का. दर्जा काय विचारू नका, पहिला टच कधी कधी दुसऱ्या ग्राउंडवर जातो. पण कोण कोणाचा भाचा आहे, कोण दोन वर्षांपूर्वी भांडून गेला आणि आता समोरून खेळतोय, हे कळायला लागलं की मजा येते. डेरिक सरांचं ओरडणं ऐकू यायचं म्हणालात ना, इथे कोच तुमच्या शेजारी उभा राहून ओरडतो, कधी तुमच्यावरही.

क्लब चालवणारे बहुतेक एक-दोन जण असतात. जर्सी, रजिस्ट्रेशन, बॉल, पोरांचा नाश्ता, सगळं खिशातून, आणि घरी बायकोला सांगतात की स्पॉन्सर आहे. चार मॅच हरले की पोरं यायची बंद होतात आणि आठ जणांनी खेळायची वेळ येते. तुमची ढोलवाली टाळकी आणा ना एखाद्या रविवारी. प्लॉटच्या जाहिराती टाकणाऱ्यालाही आणा, त्याला म्हणावं जर्सी स्पॉन्सर कर.

---

बालेवाडी_पूर्व

हे कुणी आधी का नाही सांगितलं. पुण्यात जन्म गेला आणि एसएसपीएमएसच्या बाहेरून हजारदा गेलोय सिग्नलला, आत कधी बघितलं नाही.

कुठला क्लब ते ठरवायचं कसं पण? मी कोथरूडचा, माझी तर पेठ पण नाही.

---

पेठेतला_पोरगा

जो लास्टला हाय तो घे. गर्दी कमी असत्या, वळख लवकर हुत्या.

---

खडकीचा_लेफ्टबॅक

हाहा बरोबर. ये, आल्यावर दाखवतो कोण कोण आहे. टोपी आणि पाण्याची बाटली आण, सावली नसते. पोराला पण आण, लाइन्समनचा झेंडा धरायला कोणी ना कोणी कमी असतंच.

---

बालेवाडी_पूर्व

येतो या रविवारी. ढोल आणला तर चालेल का?

---

खडकीचा_लेफ्टबॅक

आण की. रेफरी वैतागेल पण तो तसाही वैतागलेलाच असतो.

---

कूपरेज_१९८८

जाऊन या आणि इथे लिहा कसं झालं. आणि महिंद्राचा विषय अजून संपलेला नाही, लायसन आणि क्लब यातला फरक मी उद्या सविस्तर लिहितो.

---

ऑफसाइड_अण्णा

नको.